चांदवे कोणी मोजायचे

विज्ञानाची इमारत निरपेक्ष निरीक्षणाच्या पायावर उभी आहे आणि त्या पायातला एक दगड आपण आहोत, अशी डॉक्टरांची श्रद्धा होती. दर महिन्याच्या पहिल्या रविवारी भल्या सकाळी हा दगड पाणथळीच्या काठावरच्या लाकडी खोपटात, एक पाय आखूड असलेल्या प्लास्टिकच्या स्टुलावर डुगडुगत बसलेला असे, आणि रुमाल घरी राहिल्यामुळे दुर्बीण शर्टाच्या टोकाला पुसत असे.

डॉक्टर म्हणजे दातांचे. ओळख करून देताना कोणी "हे डॉक्टर" म्हणालं की समोरचा माणूस उत्साहानं आपला रक्तदाब सांगायला लागे. "दातांचे" हा शब्द जोडला की तोंड मिटून घेई. उभी हयात लोकांच्या तोंडात डोकावण्यात गेल्यावर आता काहीतरी उघड्यावरचं बघावं असं त्यांना वाटलं, आणि ते पक्ष्यांकडे वळले. पक्ष्यांना दात नसतात, ही गोष्ट त्यांना फार बरी वाटली.

या नादाला त्यांना लावलं साडूनं. साडू, म्हणजे बायकोच्या धाकट्या बहिणीचा नवरा, धंद्यानं कर-सल्लागार. अभयारण्यात दर महिन्याला पक्षी मोजणाऱ्या मोजणीवाल्यांत त्याचं नाव 'शेकडा' होतं. थवा दिसला की तो डोळ्यांनीच शंभराचा एक तुकडा कापायचा, तो तुकडा थव्यावर किती वेळा बसतो ते बघायचा, आणि उरलेसुरले पक्षी 'किरकोळ' म्हणून सोडून द्यायचा. डॉक्टर एकेक पक्षी मोजत, दात मोजावेत तसा, आणि मध्येच एखाद्यानं बुडी मारली की पुन्हा पहिल्यापासून. त्यांना 'बत्तिशी' म्हणत. तोंडावर कोणी म्हणत नसे, पण हे नाव आपल्याला कसं कळलं हे डॉक्टरांना पक्कं आठवत होतं: साडूनंच सांगितलं होतं, चहा पिताना, मोठ्या आनंदानं.

मोजणीसाठी पाणथळीचे आठ सेक्टर पाडलेले होते. सेक्टर तीन डॉक्टरांचा, सेक्टर चार साडूचा. मधे वेताचं एक बेट आणि पाण्यात रोवलेला एक खांब, एवढीच सीमा. आता, माणसांनी काढलेल्या सीमा पक्षी पाळत नाहीत हे सगळ्यांना ठाऊक असतं, म्हणून मोजणीवाल्यांनी एक साधी रीत ठेवली होती. मोजून झालेला थवा उठून शेजारच्या सेक्टरमध्ये गेला, की शेजाऱ्याला एक मिस्ड कॉल द्यायचा. त्याचा अर्थ, 'हे माझे मोजून झालेत, तू सोड.' मिस्ड कॉल आला नाही, तर आलेला पक्षी ज्याच्या पुढ्यात, त्याचा. बोलायचं नाही, ओरडायचं नाही, पक्षी बिचकतात. फोन मुके ठेवायचे, खिशात नुसतं थरथरलं की समजायचं.

तीन आणि चारमध्ये हा मिस्ड कॉल दुधाच्या रतिबासारखा ठरलेला होता. कारण सेक्टर तीनमध्ये चांदवे असत. चांदवा म्हणजे कोळशासारखा काळा, कपाळावर पांढरा टिळा लावलेला, कोंबडीएवढा पाणपक्षी. पाच-सव्वापाचशे चांदवे वेताच्या कडेनं तरंगत बसलेले असायचे. मग गवताला पोट घासत उडणारा शिकारी पक्षी, भोवत्या, फेरी मारायला यायचा, आणि हे सगळे काळे लोक एकदम पाण्यावरून धावत सुटायचे. उडताना चांदव्याला आधी पळावं लागतं, ओझं घेऊन बस पकडणाऱ्या माणसासारखं. पळत-फडफडत सगळे खांबापलीकडे, सेक्टर चारमध्ये. डॉक्टर एक मिस्ड कॉल द्यायचे, साडू चांदवे सोडायचा, आणि विज्ञानाची इमारत आणखी एक महिना उभी राहायची.

मग दाढ मधे आली.

दाढ साडूची, तिच्यावरची टोपी डॉक्टरांनी बसवलेली. त्या रविवारी मोजणीच्या वेळी साडूनं कडक बिस्कीट चावलं आणि टोपी निघून सरळ पाण्यात पडली. एवढंच झालं असतं तर काही नव्हतं. पण मोजणीनंतर सगळे माहिती केंद्राच्या ओट्यावर चहाला बसले तेव्हा साडूनं तोंड उघडून सगळ्यांना भगदाड दाखवलं आणि म्हणाला, "आमच्या डॉक्टरांची कारागिरी! चांदव्यांना दान केली. आता त्यांच्यात एखादा दातवाला दिसला तर वेगळा मोजा."

सगळे हसले. मॅडमसुद्धा हसल्या. मॅडम म्हणजे अभयारण्याच्या प्रमुख. त्या एरवी फक्त पक्ष्यांची संख्या वाढली की हसत.

"दिवसभर पेन्सिल चावत दुसऱ्यांचे हिशेब फिरवणाऱ्याला कुठलीच टोपी टिकत नाही," डॉक्टर म्हणाले. त्यांना वाटलं होतं की हे वाक्य हलकंफुलकं होईल. ते तसं झालं नाही.

तरीही आपलेच दात, आपलेच ओठ. दोन दिवसांत साडू येईल, खुर्चीवर आडवा होईल, आपण टोपी बसवू आणि बसवताना जरा जास्त वेळ त्याचं तोंड उघडं ठेवू, असा डॉक्टरांचा बेत होता. साडू आला खरा. डॉक्टरांच्या इमारतीत आला, त्यांच्याच जिन्यावरून त्यांच्या दवाखान्याच्या दारापुढून वर गेला, आणि वरच्या मजल्यावरच्या नव्या दंतवैद्याकडे जाऊन टोपी बसवून घेतली. उतरताना त्यानं जिन्यात शीळसुद्धा घातली.

त्या दिवसापासून बोलणं बंद.

डॉक्टरांना स्वतःबद्दल फारसे गैरसमज नव्हते. जे होते ते जुने आणि लाडके होते. आपण मोठ्या मनाचे आहोत, हा त्यातला एक. तो सांभाळायचा तर आधी साडूनं बोलायला हवं होतं, म्हणजे मोठ्या मनानं माफ करता आलं असतं. साडू बोलेना, त्यामुळे मोठं मन नुसतंच पडून राहिलं, पाहुणे न आलेल्या घरातल्या गादीसारखं.

पुढच्या मोजणीला भोवत्या आला, चांदवे धावले, खांबापलीकडे गेले. डॉक्टरांनी ते आधीच एकेक करून मोजले होते. हात सवयीनं खिशात गेला. मग त्यांना जिन्यातली शीळ आठवली. त्या माणसाला मिस्ड कॉल? मिस्ड कॉल म्हणजे आपण आधी बोलल्यासारखंच. हात रिकामा बाहेर आला.

संध्याकाळी मॅडमचा ग्रुपवर निरोप: "अभिनंदन!! चांदव्यांची संख्या दुप्पट!! आपल्या सर्वांच्या प्रयत्नांना यश!!" खाली फुलं, टाळ्या आणि एक बदक, कारण फोनमध्ये चांदव्याचं चित्र नव्हतं. डॉक्टरांनीही टाळ्या पाठवल्या. आपल्या प्रयत्नांना यश आलेलं त्यांनी पूर्वी पाहिलं नव्हतं.

सोमवारी एका शिक्षिकेच्या दाढेत पार खोलवर असताना त्यांच्या डोक्यात उजेड पडला.

"अरे देवा," डॉक्टर म्हणाले.

"आँ?" शिक्षिका घाबरून म्हणाल्या.

"तुमचं नाही. तुमची दाढ उत्तम आहे. मी मिस्ड कॉल दिला नाही, म्हणून त्यानंही मोजले. तेच चांदवे. दोनदा."

"आँ आँ?"

"बरोबर. सांगायला हवं. पण कोणाला? मॅडमना सांगू, की माझ्या साडूची आणि माझी कट्टी आहे म्हणून पक्षी वाढलेत?"

शिक्षिकांच्या तोंडात दोन नळ्या होत्या, त्यामुळे त्यांचं मत कळलं नाही. पेशंटचा हा गुण डॉक्टरांना नेहमीच आवडत असे.

घरी बायकोनं मत दिलं. "अहो, सरळ फोन करा ना त्यांना. नाहीतर मी धाकटीला सांगते. रोज बोलतोच आम्ही."

"खबरदार! बायकांकरवी निरोप पाठवू? यातलं एक अक्षर तिला सांगायचं नाही."

"बरं," बायको म्हणाली, आणि इतक्या पटकन म्हणाली की डॉक्टरांनी खरं म्हणजे सावध व्हायला हवं होतं.

डॉक्टरांनी स्वतःच तोड काढली, आणि ती त्यांना उदात्त वाटली. पुढच्या वेळी आपण चांदवे मोजायचेच नाहीत. मिस्ड कॉलही नाही. नियमाप्रमाणे साडू मोजेल, आकडा एकदाच लागेल, कोणाला पत्ता लागणार नाही. त्या रविवारी पाचशे चांदवे समोर तरंगत असताना त्यांनी जाणूनबुजून एका बगळ्याकडे पाहत वेळ काढला. बगळाही कशाकडे तरी पाहत वेळच काढत होता. भोवत्या आला, चांदवे गेले, आणि डॉक्टरांना त्याग केल्यासारखं छान वाटलं. घरी येऊन त्यांनी दुपारची झोपही जरा जास्त घेतली.

संध्याकाळी मॅडमचा निरोप: "धक्कादायक. चांदवे शून्य." या वेळी बदक नव्हतं.

डॉक्टर ताडकन उठून बसले. शून्य म्हणजे साडूनंही सोडले. म्हणजे दुप्पट कसे झाले हे त्यालाही कळलं होतं. म्हणजे, बत्तिशी नेहमीप्रमाणे मोजणारच, असं धरून त्यानंही त्यागच केला होता. "कळलं होतं, आणि तरी एक फोन केला नाही या माणसानं!" ते बायकोला म्हणाले. आपणही केला नव्हता, हा मुद्दा त्यांनी पुढच्या तपासणीसाठी राखून ठेवला.

"हं," बायको म्हणाली. ती फोनवर काहीतरी वाचून हसत होती.

"काय झालं?"

"काही नाही. धाकटीनं विनोद पाठवलाय."

तिसऱ्या महिन्यात डॉक्टरांनी डोकं चालवलं. साडू हट्टी, एकदा सोडले की पुन्हाही सोडणार. तेव्हा आपण मोजायचे. मोजले. साडूनंही नेमकं हेच डोकं चालवलं होतं. दुप्पट. चौथ्या महिन्यात, त्यानं मोजले तर मग आपण सोडू. शून्य.

अरुंद बोळात दोन सभ्य माणसं समोरासमोर येतात. हा वाट द्यायला डावीकडे सरकतो, तर तोही त्याच बाजूला. हा उजवीकडे, तर तोही उजवीकडे. निदान तिथं दोघं एकमेकांकडे बघून ओशाळं हसतात तरी. इथं मधे वेताचं बेट होतं.

आणि खरं सांगायचं तर डॉक्टरांना चांदव्यांपेक्षा दुसरीच गोष्ट खात होती. पूर्वी मोजणीनंतर ते आणि साडू एकाच गाडीतून परत यायचे, वाटेत गाडी थांबवून उगाचच एखाद्या डबक्याकडे बघायचे, आणि बायकांना उशिराचं कारण सांगताना त्या डबक्यात एखादं दुर्मिळ पाखरू घालायचे. आता दोन गाड्या एकामागोमाग परत जात. डॉक्टर एकदा सवयीनं डबक्यापाशी थांबले. मागून साडूची गाडी आली, जराशी मंदावली, आणि गेली. डबक्यात काहीच नव्हतं. एकट्यानं बघितल्यावर तिथं कधीच काही नव्हतं असं वाटलं. आपल्याला या वयात दुसरा मित्र मिळणं अवघड आहे, हे डॉक्टरांना तिथं उभं राहून स्वच्छ कळलं. आणि असलेला परत मिळवायला एक मिस्ड कॉल पुरतो, हेही. पण आधी त्यानं द्यावा.

पाचव्या महिन्यात दुप्पट आणि सहाव्या महिन्यात शून्य झाल्यावर मॅडमनी विद्यापीठातले तज्ज्ञ बोलावले. माहिती केंद्राच्या खोलीत, भुसा भरलेल्या करकोच्याच्या शेजारी पडदा लावला. तज्ज्ञांनी त्यावर एक आलेख टाकला. वर, खाली, वर, खाली, वर, खाली, करवतीच्या दात्यांसारखा.

"एवढं शुद्ध आवर्तन मी आयुष्यात पाहिलेलं नाही," तज्ज्ञ म्हणाले. "चांदवे एक महिनाआड इथं एकत्र येतात आणि एक महिनाआड पूर्णपणे निघून जातात. पूर्णपणे! एकही मागं राहत नाही. या प्रजातीत अशी शिस्त आजवर कोणी नोंदवलेली नाही."

कोणीतरी विचारलं, "ते जातात कुठं?"

"हाच तर प्रश्न आहे. जातात कुठं यापेक्षा का जातात, ते मी सांगू शकतो. पाणी. पाणी फार वर आलंय. पाण्याखालची वनस्पती त्यांच्या आवाक्यात राहत नाही, एका महिन्यात संपते, ते जातात. महिनाभरात ती वाढते, ते येतात." त्यांनी लेझरचा लाल ठिपका आलेखाच्या एका दात्यावर ठेवला. डॉक्टरांना धंद्याच्या सवयीनं तो दाता किडलेला वाटला.

मॅडम उभ्या राहिल्या. "उपाय एकच. तळ्याचं दार उघडून पाणी कमरभर उंचीनं खाली आणायचं. पुढच्या रविवारच्या मोजणीत आकडा नेहमीसारखा, म्हणजे पाचशेच्या आसपास आला, तर दार बंद राहील. शून्य किंवा दुप्पट आला तर सोमवारी सकाळी उघडू."

पण चांदव्यांची घरटी पाण्यातच असतात, हे डॉक्टरांना ठाऊक होतं. वेताला टेकवलेली, तरंगती. सहाव्या मोजणीच्या वेळी चांदव्यांकडे बघायचं नाही म्हणून त्यांनी नजर वेताकडे वळवली होती, आणि वेतातच त्यांना ती दिसली होती: सात-आठ घरटी, आणि त्यांतून डोकावणारी लालभडक टकलांची पिल्लं. आई-बाप काळे ठिक्कर, आणि पोरांच्या डोक्याला जणू कोणी लाल शाई फासलीय. पाणी कमरेइतकं उतरलं की ती घरटी चिखलावर उघडी पडणार, आणि बांधावरची भटकी कुत्री चालत जाऊन नाश्ता करणार. हे सगळं कशासाठी, तर एक माणूस जिन्यात शीळ घालत उतरला म्हणून.

"कोणाला काही विचारायचंय?" तज्ज्ञ म्हणाले.

डॉक्टर उठले. म्हणजे अर्धे उठले. दोन रांगा पुढे आणखी एक माणूस अर्धा उठलेला दिसला. त्याचं टक्कल डॉक्टरांच्या चांगल्याच ओळखीचं होतं. टक्कल वळलं. दोघांची नजरानजर झाली, आणि दोघंही एकदम खाली बसले.

"प्रश्न नाहीत? उत्तम," तज्ज्ञ म्हणाले.

तो आठवडा डॉक्टरांचा वाईट गेला. एका पेशंटची वरची दाढ दुखत असताना त्यांनी खालची ठोकून पाहिली. रात्री जेवताना ते बायकोला म्हणाले, "मी ठरवलंय. रविवारी मोजणार, आणि मिस्ड कॉल देणार. आधी मी. संपला विषय."

"अगंबाई," बायको म्हणाली. "रविवारीच का? फोन आत्ता आहे की हातात."

"आत्ता केला तर बोलावं लागेल. रविवारी नुसता मिस्ड कॉल. तत्त्वही राहतं आणि चांदवेही."

"धन्य आहात," बायको म्हणाली, आणि ताट उचलून आत गेली. आतून तिचा फोनवरचा आवाज आला आणि मग बराच वेळ हसणं.

रविवारी सकाळी आभाळ स्वच्छ होतं आणि तळं बशीसारखं शांत होतं. डॉक्टरांनी चांदवे एकेक करून मोजले. खात्रीसाठी पुन्हा मोजले. आकडा पाचशेच्या पुढं थोडा, अगदी हवा तसा. वेताच्या कडेला लाल टकलं आईच्या मागं मागं पोहत होती. डॉक्टरांनी फोन काढून मांडीवर ठेवला, साडूचा नंबर समोर आणून ठेवला, आणि वाट पाहत बसले. आपण इतिहास घडवणार आहोत असं त्यांना वाटलं, आणि स्टूल डुगडुगलं.

भोवत्या आला. चांदवे धावत सुटले. पाणी नुसतं उसळलं, आणि बघता बघता पाचशे काळी ओझी खांबापलीकडे. डॉक्टरांनी बटण दाबलं.

'आपण संपर्क करत असलेली व्यक्ती दुसऱ्या कॉलवर व्यस्त आहे.'

"या वेळी?" डॉक्टर पुटपुटले. मोजणी सोडून कोणाशी गप्पा मारतोय हा? त्यांनी पुन्हा लावला. व्यस्त. पुन्हा. व्यस्त. ऐन वेळी दगा देण्याचा याचा स्वभावच आहे, असं ते मनात म्हणाले आणि चौथ्यांदा बटण दाबताना त्यांच्या लक्षात आलं, की साडू ज्याला फोन लावत असेल त्यालाही हाच निरोप ऐकू येत असणार. आणि त्या माणसाची मोजणीही आत्ता तुंबलेली असणार. आणि तो माणूस एक पाय आखूड असलेल्या स्टुलावर बसलेला असणार.

पण आता साडू कशासाठी फोन करतोय? 'मी सोडतोय, तू मोज' म्हणायला? की 'मी मोजतोय, तू सोड'? मिस्ड कॉलचा अर्थ एकच ठरलेला होता, आणि तो द्यायचा हक्क मोजणाऱ्याचा. पलीकडे तो शेकड्यांचे तुकडे कापायला लागला असेल तर? डॉक्टरांना मॅडमचा चेहरा दिसला, सोमवार दिसला, चिखलातून चालत येणारी कुत्री दिसली. ते खोपटाच्या बाहेर आले, दोन्ही तळहात तोंडाशी धरले, आणि पाणथळीत आजवर कोणी केलं नव्हतं ते त्यांनी केलं.

"मी मोजलेऽऽऽ! तू सोऽऽड!"

नेमक्या त्याच क्षणी बेटापलीकडून आवाज आला, "मी सोडतोऽऽय! तू मोऽऽज!"

दोन्ही आरोळ्या बेटावर एकमेकींना धडकल्या आणि दोन्हीकडे नुसताच गोंगाट पोचला.

"काऽऽय?" डॉक्टर ओरडले.

"काऽऽय?" साडू ओरडला.

"मी मोजले म्हणतोऽऽय!"

"अरे मग मी सोडतो म्हणतोऽऽय! बहिरा झालास काऽऽ?"

"सहा महिने काय झोपला होतास काऽऽ?"

"तू काय जागा होतास काऽऽ?"

एव्हाना सेक्टर चारमधले चांदवे उठले होते. त्यांच्या मागोमाग बदकं उठली. बदकं उठलेली पाहून बगळे उठले, बगळ्यांमुळे पाणकावळे, आणि मग आठही सेक्टरमधलं जे जे म्हणून पंखवालं होतं ते सगळं एकदम आभाळात गेलं. ऊन क्षणभर झाकलं. भोवत्यासुद्धा, ज्याला सगळे घाबरायचे तो, घाबरून निघून गेला. खाली उरलं रिकामं तळं, वेतात दडलेली पिल्लं, आणि आठ खोपटांतून बाहेर आलेली, दुर्बिणी गळ्यात लोंबणारी माणसं.

डॉक्टर आणि साडू बांधावर मधोमध भेटले. दोघांना धाप लागली होती.

"व्यस्त का लागत होता तुझा?" डॉक्टरांनी विचारलं.

"तुझा का लागत होता?"

"मी तुलाच करत होतो, लेका."

"मग मी काय माझ्या सासऱ्याला करत होतो?"

"तो माझाही सासराच आहे."

"तेच दुखणं आहे ना," साडू म्हणाला, आणि हसला. हसताना तोंड उघडलं, आणि डॉक्टरांची नजर आपोआप आत गेली. टोपी सुरेख बसलेली होती. कडेला केसाएवढी फट नव्हती, रंग शेजारच्या दाढेशी जुळलेला. त्यांनी आणखी वाकून पाहिलं.

"काय बघतोस?"

"बरी बसवलीय," डॉक्टर म्हणाले. हे दोन शब्द काढायला त्यांना रूट कॅनलएवढे कष्ट पडले.

"दुखते," साडू म्हणाला. "पहिल्या दिवसापासून. पण सांगणार कोणाला?"

तेवढ्यात मॅडम पळत आल्या. मागं तज्ज्ञ होते. ते आकाशाकडे पाहत धावत होते, म्हणून जरा उशिरा पोचले. मग जे सांगायचं होतं ते सांगावंच लागलं. दोघं एकदमच सांगू लागले, मग एकदमच थांबले, मग "तू सांग", "नाही, तू सांग" असं झालं, तेव्हा मॅडमनी कपाळाला हात लावला आणि म्हणाल्या, "हेच! हेच सहा महिने चाललं होतं का?"

"अगदी हेच," डॉक्टर म्हणाले.

तज्ज्ञांनी आकाशावरची नजर खाली आणली. मग त्यांनी अगदी हळू विचारलं, "म्हणजे आवर्तन नाही?"

"आवर्तन आहे," साडू म्हणाला. "पण ते आमचं आहे."

दार उघडायचं रद्द झालं. त्या रविवारची मोजणी बाद धरली. साडू आणि डॉक्टर एकाच गाडीतून घरी आले. साडूची गाडी आणायला दुपारी पुन्हा जावं लागलं. घरी दोन्ही बहिणी सोफ्यावर बसून वाटच पाहत होत्या.

"तुम्हाला माहीत होतं?" डॉक्टरांनी विचारलं.

"दुसऱ्या महिन्यापासून," बायको म्हणाली. "तुम्ही मोजणार की सोडणार ते तुम्ही इकडे सांगायचात, हिचे हे तिकडे सांगायचे."

"मग एका शब्दानं बोलला का नाहीत?"

"तुम्हीच म्हणालात, एक अक्षर सांगायचं नाही."

"मलाही यांनी हेच सांगितलं होतं," धाकटी म्हणाली. "आम्ही तुमच्या शब्दाबाहेर आहोत का?"

महिन्याअखेरीस सहामाही अहवाल आला. अहवालात महिन्यांचे आकडे वेगवेगळे देत नाहीत, सहा महिन्यांची सरासरी देतात. तीन महिने दुप्पट होते, तीन महिने शून्य. चांदव्यांपुढे लिहिलं होतं: गेल्या वर्षीइतकेच, बदल नाही.